कोऱ्या पानाचा स्वभाव

ईमॅक्स हा एडिटर कुठलीही फाईल न देता उघडला की आधी स्वागताचं पान दिसतं. ते मिटलं की मागे उरतो एक जवळपास कोरा कागद. त्याचं नाव 'स्क्रॅच', आपल्या भाषेत कच्ची वही. तळाच्या पट्टीवर कंसात दोन शब्द असतात: 'लिस्प इंटरॅक्शन'. कुणी पत्र लिहायला बसलेलं असो की पायथनचा पहिला धडा गिरवायला, हा कागद धरूनच चालतो की समोरचा माणूस लिस्प या भाषेत प्रोग्रॅम लिहिणार. लिस्पमधली बेरीज लिहून कंट्रोल आणि 'जे' दाबलं तर तो उत्तर खालच्या ओळीवर मांडून दाखवतो. पत्र लिहिणाऱ्याला मात्र त्याच बटणांचा काही उपयोग नसतो.

हे गृहीत कुणी धरलं? कागद कोरा असला तरी त्याला स्वभाव असतो, आणि तो कुणीतरी, कधीतरी ठरवलेला असतो. संगणकाच्या बोलीत त्याला डिफॉल्ट मोड म्हणतात. काहीच न सांगता एडिटर ज्या अवस्थेत उघडतो, ती अवस्था. या दोन शब्दांमागे साठ वर्षांचा इतिहास आहे. लिहिणाऱ्याच्या हाताखालचं साधन कसं वागावं हे बनवणाऱ्यानं ठरवायचं की वापरणाऱ्यानं, यावरून झालेली भांडणं, तडजोडी आणि करार त्यात आहेत.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, एमआयटी या संस्थेत, 1962च्या सुमारास. डॅन मर्फी यांनी पीडीपी-1 या यंत्रासाठी टेको नावाचा एडिटर लिहिला. त्याचं मूळ नाव 'टेप एडिटर अँड करेक्टर', कारण तेव्हा मजकूर भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर साठवला जाई. टेकोत काम करताना मजकूर समोर दिसत नसे. एकेका अक्षराच्या आज्ञा द्यायच्या, आणि बदल नीट झाला का हे पाहायचं तर त्या ओळी छापून मागायच्या. आज्ञांची भाषा इतकी आखूड होती की कुठलीही अक्षरं ओळीनं टाकली तरी टेको त्यांचा काहीतरी अर्थ लावत असे. स्वतःचं नाव आज्ञा म्हणून दिलं तर फाईलचं काय होईल, हे ओळखण्याचा खेळ तिथले प्रोग्रॅमर खेळत.

मोडचा प्रश्न इथेच जन्मला. कळफलक एकच, पण त्यावरच्या 'डी' या बटणाला दोन अर्थ. कधी ते अक्षर कागदावर उमटायला हवं, कधी ती 'पुसून टाक' अशी आज्ञा असते. यंत्र या क्षणी कुठल्या अर्थानं ऐकतंय, ती अवस्था म्हणजे मोड. माणसाला वाटावं यंत्र एका मोडमध्ये आहे आणि प्रत्यक्षात ते दुसऱ्यात असावं, यातून झालेले अपघात त्या काळच्या प्रत्येक प्रयोगशाळेत सांगितले जात.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध अपघात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातला. तिथे 1974मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा एडिटर बनवला. पडद्यावर दिसतं तसंच छापून येणारा हा पहिला एडिटर मानला जातो. पण ब्राव्होत आज्ञेचा मोड वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा. एखाद्यानं आज्ञेच्या मोडमध्ये असताना 'एडिट' हा इंग्रजी शब्द टाईप केला, तर 'ई'चा अर्थ होई सगळा मजकूर निवड, 'डी'चा अर्थ तो पूस, आणि 'आय'चा अर्थ आता लिहायला घे. उरलेलं 'टी' हे अक्षर इमानेइतबारे लिहिलं जाई. आख्ख्या दस्तऐवजाच्या जागी एक 'टी' उरे.

त्याच केंद्रातल्या लॅरी टेस्लर यांनी ही गोष्ट मनावर घेतली. टिम मॉट यांच्यासोबत त्यांनी जिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेसाठी जिप्सी हा एडिटर बनवला. त्यात लिहिण्यासाठी वेगळ्या मोडमध्ये शिरावं लागत नसे. अक्षर दाबलं की अक्षरच उमटे. मजकूर निवडून कापायचा आणि दुसरीकडे चिकटवायचा, ही आज प्रत्येक फोनवर असलेली रीत याच कामातून रूढ झाली. मोडबद्दलचा टेस्लर यांचा राग आयुष्यभर टिकला. त्यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवर 'नो मोड्स' अशी अक्षरं होती. 2020मध्ये ते वारले तेव्हा जगभरच्या मृत्युलेखांत कट, कॉपी आणि पेस्टचा उल्लेख होता.

टेस्लर यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं असं मात्र नाही, आणि न पटणाऱ्यांकडे सबळ कारणं होती. बर्कलीमध्ये बिल जॉय हा विद्यार्थी 1976च्या सुमारास एक्स आणि त्यातूनच पुढे व्ही-आय हा एडिटर लिहीत होता, तेव्हा त्याच्या हाताशी 300 बॉडचा मोडेम होता. म्हणजे सेकंदाला साधारण 30 अक्षरं. पडद्यावर 80 अक्षरांच्या 24 ओळी, एकूण 1,920 अक्षरं. सगळा पडदा नव्यानं रंगवायला मिनिटाहून जास्त वेळ लागे. अशा तारेवर लिहिणाऱ्याला कमीत कमी बटणांत जास्तीत जास्त काम हवं असतं, आणि आज्ञेचा वेगळा मोड तेच देतो: एक अक्षर म्हणजे एक आज्ञा. जॉयच्या टर्मिनलवर, लिअर सिगलर कंपनीच्या एडीएम-3ए या मॉडेलवर, बाणांची वेगळी बटणं नव्हती. एच, जे, के आणि एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. त्यामुळे व्ही-आयमध्ये कर्सर आजही या चार अक्षरांनी हलतो. मोड बदलण्याचं एस्केप हे बटण तेव्हा आजच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या टप्प्यात होतं. पुढे कळफलक बदलले, एस्केप दूर कोपऱ्यात गेलं, पण व्ही-आयची रीत बदलली नाही. एका टर्मिनलच्या रचनेनं लावलेलं वळण पन्नास वर्षं टिकून आहे. व्ही-आय उघडला की पहिला मोड आज्ञेचा, लिहिण्याचा नव्हे, हेही त्याच काळाचं देणं.

इकडे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, 545 टेक्नॉलॉजी स्क्वेअरच्या नवव्या मजल्यावर, टेको बदलत होता. 1972मध्ये कार्ल मिकेलसन यांनी त्यात एक नवी सोय घातली: कंट्रोल आणि 'आर' दाबलं की मजकूर पडद्यावर दिसे आणि प्रत्येक बटणासरशी ताजा होई. तरुण रिचर्ड स्टॉलमन यांनी स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत 'ई' नावाचा एडिटर पाहिला होता. परत आल्यावर त्यांनी मिकेलसन यांची सोय नव्यानं लिहिली आणि तिला एक छोटीशी जोड दिली. कुठल्याही बटणावर वापरणाऱ्याला स्वतः लिहिलेला मॅक्रो, म्हणजे आज्ञांची तयार मालिका, बसवता येऊ लागला.

या जोडीनं सगळं पालटलं. काही वर्षांत जो तो आपापले मॅक्रो लिहू लागला. त्यांचे संच झाले, संचांना नावं पडली, संचांमधून नवे संच फुटले. शेवटी अशी वेळ आली की प्रयोगशाळेत एकाच्या टर्मिनलवर दुसरा बसला तर त्याला काहीच करता येईना. बटणं तीच, पण प्रत्येकाच्या घरी त्यांचे अर्थ निराळे. शेजाऱ्याला मदत करायची तर आधी त्याची बोली शिकावी लागे.

1976मध्ये गाय स्टील यांनी ही पांगापांग आवरायला घेतली. निरनिराळ्या संचांच्या बटणांचे तक्ते घेऊन ते लोकांकडे फिरले. कुणाला काय हवं, कशाचा आग्रह आहे, कुठल्या बटणाची सवय सुटणार नाही, हे विचारत राहिले. हे काम तांत्रिक होतं त्याहून जास्त पंचाचं होतं. पुढे त्याची मुख्य जबाबदारी स्टॉलमन यांनी घेतली आणि त्या वर्षअखेरीस एक समाईक संच उभा राहिला. 'एडिटिंग मॅक्रोज' या शब्दांवरून त्याचं नाव ईमॅक्स. सुरुवातीचं 'ई' निवडण्यामागे एक व्यावहारिक कारणही होतं: त्यांच्या यंत्रणेवर 'ई' हे एका अक्षराचं संक्षिप्त नाव अजून कुणी घेतलेलं नव्हतं.

स्टील आणि स्टॉलमन यांनी इथे जे केलं त्याचं मोल आजही पुरतं ओळखलं गेलेलं नाही. त्यांनी सर्वांसाठी एकच ठरीव वळण घातलं आणि तरीही प्रत्येकाचा ते बदलण्याचा हक्क शाबूत ठेवला. शेजाऱ्याच्या टर्मिनलवर बसलेल्याला आता निदान मूळ बोली येत होती. स्वतःच्या टर्मिनलवर त्याला हवी ती बोली बोलता येत होती. ईमॅक्सच्या वाटपाची स्टॉलमन यांची अटही याच वृत्तीची होती: वापरा, बदला, पण केलेली सुधारणा परत पाठवा. 1979मध्ये त्यांनी ईमॅक्सवर प्रयोगशाळेचा अहवाल लिहिला, तेव्हा शीर्षकातच 'विस्तार करता येणारा, आपल्याला हवा तसा बदलता येणारा' अशी या एडिटरची ओळख करून दिली.

या करारातली सर्वांत सुंदर कल्पना म्हणजे मोडची नवी व्याख्या. ब्राव्हो आणि व्ही-आयमध्ये मोड म्हणजे यंत्राची मनःस्थिती: आज्ञा ऐकणारी किंवा अक्षरं लिहिणारी. ईमॅक्समध्ये अक्षर दाबलं की अक्षरच उमटतं. मोड ठरतो तो समोर काय लिहिलं जातंय त्यावरून. पेढीवरचा जुना मुनीम आठवावा. टाक तोच, शाई तीच, पण रोजमेळ उघडला की जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. खतावणी उघडली की तोच हात प्रत्येक खात्याला वेगळं पान देतो. वही बदलली की आखणी बदलते आणि आखणीबरोबर हात बदलतो. ईमॅक्सचा मेजर मोड म्हणजे ही वहीची आखणी. एका पानाला एका वेळी एकच. लिस्पच्या मोडमध्ये टॅब दाबलं तर ओळ कंसांच्या हिशेबानं आत सरकते. साध्या मजकुराच्या मोडमध्ये तेच बटण वेगळं वागतं, कारण गद्यात कंस मोजायचे नसतात. शब्द कुठे संपतो, वाक्य कुठे संपतं, टिप्पणी कशानं सुरू होते, हे सगळं मोड ठरवतो.

मायनर मोड यापेक्षा हलके. ते हवे तितके एकावर एक चढवता येतात, हवे तेव्हा उतरवता येतात. ओळ भरली की आपोआप खाली उतरवणारा 'ऑटो फिल', आधीच्या अक्षरावर नवं अक्षर चढवणारा 'ओव्हरराईट', हे टेकोवरच्या पहिल्या ईमॅक्सपासूनचे. खतावणीत हिशेब लिहिताना दिवा जवळ ओढावा, चष्मा घालावा, तसे ते. आखणीला त्यांनी धक्का लागत नाही.

मग प्रश्न आला, फाईल उघडताच कुठली आखणी घालायची हे एडिटरला कळणार कसं? पहिलं उत्तर अगदी साधं होतं. फाईलनंच सांगावं. पहिल्या ओळीत उणे-तारा-उणे अशा खुणांच्या मध्ये मोडचं नाव लिहायचं, -*- लिस्प -*- असं. ही खूण आजही चालते. त्यानंतर नावावरून ओळखण्याची रीत आली: फाईलच्या नावाचा शेवट 'डॉट सी' असेल तर सी या भाषेचा मोड. ईमॅक्समध्ये यासाठी 'ऑटो-मोड-अलिस्ट' नावाची लांबलचक यादी असते, एका बाजूला नावाचा नमुना, दुसऱ्या बाजूला मोड. फाईलची पहिली ओळ कुठल्या प्रोग्रॅमनं ती चालवायची हे सांगत असेल, तर त्यावरूनही अंदाज बांधला जातो.

या यादीतही कुणाचा तरी निवाडा दडलेला असतो. 'डॉट पीएल' ही फाईल पर्लची की प्रोलॉगची? यादी म्हणते पर्लची. 'डॉट एम' ऑब्जेक्टिव्ह-सीची की ऑक्टेव्हची? यादी ऑब्जेक्टिव्ह-सीच्या बाजूनं कौल देते, म्हणून ऑक्टेव्हमध्ये गणित करणाऱ्याला आपल्या सुरुवातीच्या फाईलमध्ये, म्हणजे ईमॅक्स उघडताना आधी वाचतो त्या फाईलमध्ये, एक ओळ वाढवून तो कौल फिरवावा लागतो. 'डॉट एच' सीची की सी प्लस प्लसची, याचा निवाडा तर ईमॅक्सनं 2018मध्ये नावावरून करणं सोडलं आणि आतला मजकूर वाचून ठरवणारा मोड आणला. आणि कशाशीच जुळलं नाही तर? मग 'फंडामेंटल' मोड, सर्वांत उघडा-बोडका, जणू बिनआखणीचा कागद. ज्यांचं मुख्य काम गद्य लिहिण्याचं आहे असे लोक सुरुवातीच्या फाईलमध्ये एका ओळीनं हे बदलतात: ठरीव मेजर मोड म्हणून 'टेक्स्ट', आणि टेक्स्ट मोड सुरू होताच ऑटो फिल. चार दशकांपासून असंख्य लेखक-प्राध्यापकांच्या फाईलमध्ये या अर्थाच्या ओळी आहेत.

इथे नवख्यांचा पाय हमखास एका जागी घसरतो. ईमॅक्समध्ये बऱ्याच गोष्टींना दोन मूल्यं असतात: एक समोरच्या पानापुरतं, एक सगळ्या नव्या पानांसाठीचं. 'सेटक्यू' या आज्ञेनं ओळीची रुंदी बदलली की ती त्या एका पानापुरती बदलते. 'सेटक्यू-डिफॉल्ट' वापरलं तरच पुढच्या सर्व पानांना लागू होते. नवखा माणूस सुरुवातीच्या फाईलमध्ये पहिली आज्ञा लिहितो. त्या वेळी समोरचं पान कुठलं असतं? स्क्रॅच. ओळीची रुंदी बदलते ती बिचाऱ्या कच्च्या वहीची, बाकी सगळ्या फाईली 70 अक्षरांवरच तुटत राहतात. हा घोळ समजला की ईमॅक्सचं निम्मं मन समजलं.

सुरुवातीची फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक छोटा प्रोग्रॅम असतो, आणि तो लिहायला प्रोग्रॅमर असावं लागतं अशी समजूत आहे. ती खोटी ठरवणारं उदाहरण फार जुनं आहे. 1978मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या यंत्रणेसाठी ईमॅक्स नव्यानं लिहिला आणि त्याच्या विस्ताराची भाषा म्हणून टेकोऐवजी लिस्प घेतली. कार्यालयात टंकलेखनाचं काम करणाऱ्या सेक्रेटरी महिलांना त्याची माहितीपुस्तिका दिली गेली. एडिटर आपल्या गरजेप्रमाणे कसा वळवायचा हे त्यात होतं, पण त्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या महिलांनी ते वाचलं, करून पाहिलं आणि आपल्या कामाला लागणाऱ्या सोयी लिस्पमध्ये लिहिल्या. स्टॉलमन ही गोष्ट पुढे आपल्या भाषणांत सांगत आले आहेत. प्रोग्रॅमिंगची भीती त्या शब्दात होती, कामात नव्हती.

लिस्पची निवड निर्णायक ठरली. स्टॉलमन यांनी सप्टेंबर 1984मध्ये आपल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी ग्नू ईमॅक्स लिहायला घेतला, मार्च 1985मध्ये त्याची पहिली आवृत्ती बाहेर आली, आणि तिच्या विस्ताराची भाषा लिस्पच होती. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. कच्ची वही लिस्पच्या मोडमध्ये उघडते, कारण एडिटरचा मोठा भाग लिस्पमध्ये लिहिलेला आहे आणि त्या वहीत लिहिलेली ओळ त्याच क्षणी एडिटरलाच बदलू शकते. वापरणाऱ्याच्या हाती पहिलं काय द्यायचं, तर साधनाची दुरुस्ती करण्याचं हत्यार, असा तो निर्णय आहे. कुणाला तो नको असेल तर 'इनिशियल-मेजर-मोड' या नावाची किंमत बदलून कच्ची वही साध्या मजकुराची करता येते.

ईमॅक्स जगभर पसरल्यावर मात्र ठरीव गोष्टी बदलणं अवघड होत गेलं. लाखो हातांना सवय झालेली असते. मजकूर निवडला की तो रंगवून दाखवणारा 'ट्रान्झियंट मार्क' मोड एकोणिसाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 1993पासून, उपलब्ध होता. बाकीच्या जगात ही गोष्ट गृहीतच होती. ईमॅक्सनं तो आपणहून सुरू ठेवायला 2009 उजाडावं लागलं, तेविसावी आवृत्ती आली तेव्हा. निवडलेल्या मजकुरावर टाईप केलं की जुना मजकूर जावा, ही टेस्लर यांच्या काळापासूनची रीत तर आजही ईमॅक्समध्ये मागून घ्यावी लागते. इंग्रजी वाक्यानंतर दोन मोकळ्या जागा सोडल्या तरच वाक्य संपलं असं तो धरतो. टंकलेखन यंत्राच्या काळातली ही सवय त्याच्या डिफॉल्टमध्ये गोठून बसली आहे. काही आज्ञा उलट कारणानं बंद ठेवलेल्या आहेत. निवडलेला सगळा मजकूर कॅपिटल करणारी आज्ञा नवख्याच्या हातून चुकून दाबली जाते, म्हणून पहिल्या वेळी एडिटर थांबतो आणि विचारतो. कायमची चालू करा असं सांगितलं की तो स्वतःच सुरुवातीच्या फाईलमध्ये तशी ओळ लिहून ठेवतो. ही शालीनता शिकण्यासारखी आहे.

सगळ्यांनी इतकी शालीनता दाखवली नाही. लिनक्सच्या गाभ्याचा कोड कसा लिहावा हे सांगणाऱ्या दस्तऐवजात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ग्नू ईमॅक्सच्या डिफॉल्टवर सरळ हल्ला केला. सीच्या मोडमध्ये ईमॅक्स ग्नूच्या शैलीनं ओळी दोन-दोन जागा आत सरकवतो. टॉरवाल्ड्स यांना आठ जागांचा टॅब हवा. ईमॅक्सची ठरीव वळणं बटणं कशीही बडवण्यापेक्षाही वाईट आहेत, अशा अर्थाचं ते लिहून गेले. पण लगेच खाली त्यांनी लिस्पच्या काही ओळीही दिल्या: या आपल्या सुरुवातीच्या फाईलमध्ये घाला, म्हणजे लिनक्सचा कोड उघडताच सीचा मोड लिनक्सच्या शैलीनं वागेल. टीका जितकी कडक तितकाच उपाय सोपा. डिफॉल्ट न पटणाऱ्या माणसाला तो पाच मिनिटांत बदलता येतो, हे 1976च्या कराराचंच यश म्हणावं लागेल. दुसऱ्या बाजूला, एकाच कोडवर हजार माणसं काम करत असतील तर प्रत्येकाचं वळण वेगळं असून चालत नाही, हाही प्रश्न त्यातून पुढे आला. त्याला तोड म्हणून 'एडिटरकॉन्फिग' नावाची रीत निघाली: प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल ठेवायची आणि कुठलाही एडिटर तिच्यातून टॅब, जागा, ओळीचा शेवट यांची शिस्त उचलेल. 2025मध्ये आलेल्या ईमॅक्सच्या तिसाव्या आवृत्तीत ही सोय आतच आहे.

फाईलनंच एडिटरला वळण लावायचं या जुन्या कल्पनेला एक काळी बाजूही होती. फाईल जर एडिटरकडून काहीतरी करवून घेऊ शकते, तर परक्यानं पाठवलेली फाईल वाईटही करवून घेऊ शकते. ईमॅक्सनं 2007मध्ये सुरक्षित मानलेल्या गोष्टींची यादी केली आणि बाकीच्यांसाठी वापरणाऱ्याची परवानगी मागायला सुरुवात केली. व्ही-आयचा वारसदार असलेल्या व्हिममध्ये अशीच सोय होती, आणि 2019मध्ये तिच्यात भोक सापडलं: खास रचलेली मजकुराची फाईल उघडली तरी यंत्रावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. नुसता मजकूर वाचणं निर्धोक असतं हा भरवसा त्या दिवशी अनेकांचा गेला.

व्हिमचीही गोष्ट याच धाग्याची. ब्रॅम मूलेनार यांनी तो 1991मध्ये अमिगा या संगणकासाठी प्रसिद्ध केला, आणि पंचवीस वर्षं तो सुरुवातीची फाईल नसेल तर जुन्या व्ही-आयसारखाच वागत राहिला, नव्या सोयी झाकून. 2016च्या आठव्या आवृत्तीत त्यांनी नवख्यांसाठी ठरीव सोयींची वेगळी फाईल घातली. 2023मध्ये मूलेनार वारले. दरम्यान ईमॅक्सच्या आतच व्ही-आयचे मोड आणणारे विस्तार रुजले, आधी व्हीआयपी, मग वायपर, मग ईव्हिल. पन्नास वर्षांच्या भांडणातली एक बाजू दुसरीच्या पोटात मायनर मोड होऊन नांदते आहे.

मराठी लिहिणाऱ्यांचा या इतिहासाशी संबंध येतो तो जपानमार्गे. जपानी लिपीसाठी तिथल्या केनिची हांडा आणि सहकाऱ्यांनी म्यूल नावाचा बहुभाषी ईमॅक्स घडवला. 1997मध्ये तो ग्नू ईमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत मिसळला. त्याच वाटेनं देवनागरी आली, आणि तिच्या आधारासाठीचं काम केलं कावाबाता ताईची या जपानी माणसानं. तेव्हापासून ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की कळफलकाची लिपी बदलते. कुठल्या लिपीत बदलावी हेही डिफॉल्टच, आणि तेही आपल्या हातात. देवनागरीसाठी उच्चारानुसार रोमन अक्षरांतून लिहिण्याची आयट्रान्स पद्धत आहे, तशीच इनस्क्रिप्टही आहे.

30 जुलै 2023 रोजी आलेल्या ईमॅक्सच्या 29.1 या आवृत्तीत जुन्या लिप्यांची मोठी भर पडली, आणि त्यात मोडी आहे. युनिकोडनं मोडीला 2014मध्ये जागा दिली होती; आता तिची लेखनपद्धती एडिटरमध्ये तयार मिळते. मोडीचा एखादा फाँट यंत्रावर असला, की ईमॅक्सच्या 'हॅलो' या स्वागतफाईलीत जगातल्या असंख्य लिप्यांच्या रांगेत मोडीतला 'नमस्कार'ही वाचता येतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद लिप्यंतराची वाट पाहत पडून आहेत. मोडी वाचणाऱ्यांनी ही पद्धत एकदा सुरू करून पाहावी. कुठलं अक्षर कुठल्या बटणावर असावं हे जाणकारांनी तपासावं, हाताला खटकेल ते बदलावं आणि केलेली सुधारणा मूळ प्रकल्पाकडे परत पाठवावी.